जुन्या पिकअप ट्रकचं ऑइल चेंबर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या अमेरिकन पिकअपचं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेल साठवणारं भांडं, बदलायला घेतल्यावर लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलंय. बहुतेक प्रश्न शेवरलेच्या सी-१० आणि तिच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिनाबद्दल येतात, म्हणून जिथे इंजिनाचं नाव दिलेलं नाही तिथे तेच समजावं. फोर्ड, डॉज आणि एलएस (शेवरलेच्या नंतरच्या पिढीची व्ही-८) इंजिनांचे प्रश्न वेगळे दिलेत. आकडे मूळ कंपनीच्या मापाच्या चेंबरचे आहेत. नव्या चेंबरच्या किंवा पॅकिंगच्या खोक्यावर वेगळा आकडा असेल तर तोच पाळा.

१. चेंबर बदलायलाच हवं, की नुसतं पॅकिंग बदलून भागेल?

चेंबरची कड सरळ असेल, पत्रा गंजून पातळ झालेला नसेल आणि ड्रेन प्लगचे आटे शाबूत असतील, तर पॅकिंग बदलून भागतं. चेंबर बदलायची कारणं तीन-चारच. तळाला बसलेला जोराचा मार, गंजाने पडलेली बारीक भोकं, वाकडीतिकडी झालेली कड, किंवा दुसरं इंजिन टाकल्यामुळे आकारच न जुळणं.

तळाचा पोचा किरकोळ दिसला तरी तो नेमका कुठे आहे ते बघा. बाजूला असेल तर फक्त दिसायला वाईट. स्ट्रेनरच्या (पंप ज्यातून तेल ओढतो त्या जाळीच्या नळीच्या) खाली असेल तर तेल ओढायची वाटच अरुंद झालेली असू शकते, आणि ते बाहेरून कळत नाही (प्रश्न १० पाहा). गंजाची शंका असेल तर चेंबर काढून, धुऊन, अंधारात आतून टॉर्च लावा. टाचणीच्या टोकाएवढं भोकही चमकतं.

२. खाली तेल ठिबकतंय. ते चेंबरमधूनच येतंय हे कसं ओळखू?

ठिबकतं ती जागा आणि गळते ती जागा सहसा एक नसते. तेल वरून खाली येतं, पंख्याचा आणि चालत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो, आणि चेंबरची मागची कड सगळ्यात खाली असल्याने शेवटचा थेंब तिथूनच पडतो. त्यामुळे चेंबरवर नाहक आळ येतो.

स्मॉल ब्लॉकमध्ये आधी इंजिनाची मागची बाजू बघा. इनटेक मॅनिफोल्ड ब्लॉकच्या मागच्या भिंतीवर बसतो तो सांधा, डिस्ट्रिब्युटरचं बूड, आणि त्याच्या मागचा ऑइल प्रेशरचा सेंडर. या तिन्ही ठिकाणची गळती बेल हाउसिंगवरून (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या घंटेच्या आकाराच्या कवचावरून) ओघळत बरोबर चेंबरच्या मागच्या कोपऱ्यात येते. मग व्हॉल्व्ह कव्हर, पुढे उजवीकडचा फ्युएल पंप आणि टायमिंग कव्हरचं सील. इंजिन पूर्ण धुवा, वाळवा, थोडा वेळ चालवा आणि वरून खाली बघत या. तरीही कळलं नाही तर तेलात टाकायचा चमकणारा रंग आणि अल्ट्राव्हायलेट टॉर्च वापरा.

मागचं मेन सील (पिस्टन फिरवतात तो दांडा, म्हणजे क्रँक, मागे बाहेर येतो तिथलं तेल अडवणारं सील) गळत असेल तर तेल फ्लायव्हीलच्या झाकणातून आतल्या बाजूने येतं. ते सील दोन तुकड्यांचं असेल (प्रश्न ४) तर चेंबर खाली असतानाच बदलता येतं, आणि तेव्हा न बदलणं म्हणजे तेच काम पुन्हा ओढवून घेणं.

३. इंजिन तेच आहे. मग त्या इंजिनाचं कुठलंही चेंबर बसेल ना?

ब्लॉकला बसेल, गाडीत बसेलच असं नाही. सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. बोल्टची भोकं इंजिनावरून ठरतात, पण चेंबरचा खोल भाग पुढे हवा की मागे, किती खोल आणि किती रुंद, हे चॅसीवरून ठरतं. खाली क्रॉस मेंबर कुठून जातो, स्टीअरिंगचा दांडा कुठे हलतो, अ‍ॅक्सल किती वर येतो, हे बघूनच चेंबर निवडायचं.

स्मॉल ब्लॉकची बहुतेक चेंबरं मागे खोल असतात आणि १९६७ ते ७२ च्या सी-१० मध्ये आरामात बसतात. अपवाद लक्षात ठेवा: १९६२ ते ६७ च्या शेवी टू आणि नोव्हा गाड्यांचं चेंबर पुढे खोल आहे. त्या गाडीतून काढलेलं इंजिन स्वस्तात मिळालं तर चेंबर वेगळं घ्यावं लागेल, आणि त्याबरोबर स्ट्रेनरही.

मोकळी जागा मोजताना गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उचलून चाकं लोंबकळत असतील तर माप खोटं येतं. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजा, आणि पुढचा अ‍ॅक्सल खड्ड्यात अजून किती वर उचलला जाईल ते त्यातून वजा करा. फोर बाय फोर ट्रकमध्ये अख्खा पुढचा अ‍ॅक्सल वर येतो, तिथे हे विसरून चालत नाही.

४. स्मॉल ब्लॉक शेवरलेचं चेंबर मागवतोय. नेमकं काय काय जुळवून बघू?

तीन गोष्टी.

पहिली, मागचं मेन सील. हे इंजिन १९५५ मध्ये आलं आणि १९८५ पर्यंत सील दोन तुकड्यांचं होतं. १९८६ पासून ते एक-तुकडी झालं आणि चेंबरच्या मागच्या कमानीचा आकार बदलला. जुनं चेंबर नव्या ब्लॉकला किंवा नवं जुन्याला लागत नाही. सिलिकॉनने फट भरायचा प्रयत्न करू नका.

दुसरी, पुढचं सील. १९७४ पर्यंतच्या चेंबरला पुढे पातळ रबर सील लागतं, १९७५ ते ८५ च्या चेंबरला जाड. कडेपासून पुढच्या कमानीच्या तळापर्यंत मोजलं तर पातळ सीलचं चेंबर सव्वादोन इंच भरतं आणि जाडचं दोन पूर्णांक तीन अष्टमांश. फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण पातळ जागी जाड सील घातलं की पुढचा कोपरा बसतच नाही, आणि उलटं केलं तर तिथून तेलाची धारच लागते.

तिसरी, डिपस्टिकची बाजू. १९७९ पर्यंत ती ड्रायव्हरच्या बाजूला, १९८० पासून दुसऱ्या बाजूला. अमेरिकन गाडीत ड्रायव्हर डावीकडे बसतो हे ध्यानात ठेवून डावं-उजवं ठरवा.

इंजिनाच्या वर्षाचा भरवसा ट्रकच्या कागदावरून धरू नका. इतक्या वर्षांत कितीतरी ट्रकांचं इंजिन बदललेलं असतं. ब्लॉकच्या मागच्या बाजूला ओतलेला नंबर बघा आणि शक्य असेल तर जुनं चेंबर हातात घेऊन मोजा.

५. फोर्डच्या एफ-१०० पिकअपमध्ये मस्टँग कारचं ३०२ इंजिन टाकतोय. चेंबर बदलावं लागेल का?

जवळजवळ नक्कीच. (३०२ म्हणजे इंजिनाची घन इंचातली क्षमता, पुढे इंजिनांच्या नावात येणारे असे आकडेही तसेच.) साठच्या दशकातल्या मस्टँगचं चेंबर पुढे खोल असतं, ऐंशीच्या दशकातल्या फॉक्स मस्टँगचं दोन्हीकडे खोल. १९६५ पासूनच्या टू व्हील ड्राइव्ह एफ-१०० ला ट्विन आय-बीम सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन अ‍ॅक्सल बीम इंजिनाच्या पुढच्या भागाखालून एकमेकांना ओलांडून जातात. पुढचा खोल भाग नेमका त्यांच्यावर येतो. तुम्हाला ट्रकचं, मागे खोल असलेलं चेंबर लागेल.

चेंबरबरोबर ट्रकचाच स्ट्रेनर आणि डिपस्टिक घ्या. पुढे खोल असलेल्या चेंबरमध्ये डिपस्टिक टायमिंग कव्हरमधून जाते. चेंबर बदलल्यावर ते भोक बुजवावं लागतं, आणि हे पुष्कळदा इंजिन जागेवर बसल्यावर आठवतं.

आणखी एक. ३५१ विंडसर दिसायला ३०२ चा मोठा भाऊ असला तरी त्याचं चेंबर ३०२ ला बसत नाही.

६. डॉजचं ३१८ आणि ३६० एकाच घराण्यातली इंजिनं. चेंबर एकच ना?

नाही. एलए मालिकेतल्या ३६० च्या क्रँकचे मेन जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग, मोठे आहेत, त्यामुळे मागच्या सीलपाशी चेंबरची कमानही वेगळी आहे. ३१८ चं चेंबर ३६० ला लावू नका. खोल भागाची जागा प्रश्न ३ प्रमाणे तपासा.

७. इंजिन न उतरवता चेंबर निघतं का?

सी-१० मध्ये निघतं, पण इंजिन थोडं उचलावं लागतं. एकट्याने आणि घाईत करायचं काम नाही.

बॅटरीची वायर आधी काढा, कारण स्टार्टरला येणारी जाड वायर कायम जिवंत असते आणि पाना तिला लागला की ठिणग्या उडतात. तेल कोमट असताना सोडा. मग स्टार्टर, फ्लायव्हीलचं पत्र्याचं झाकण, आणि चेंबरखालून आडवा जाणारा सायलेन्सरचा पाइप काढा. स्टीअरिंगचा मधला दांडा आड येत असेल तर एका बाजूने सोडून खाली करा. इंजिन माउंटचे लांब बोल्ट काढून इंजिन होइस्टने दोन-तीन इंच उचला.

उचलायच्या आधी वर तीन ठिकाणी बघा. पंख्याचं कवच सोडलेलं हवं, नाहीतर पंखा त्यात घुसतो. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलेलं हवं, नाहीतर ते फायरवॉलवर आपटून फुटतं. आणि रेडिएटरचे पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी ताणली जात नाही ना ते. इंजिन वर गेलं की माउंटच्या फटीत जाड लाकडाचे ठोकळे ठेवा. नुसत्या साखळीवर टांगलेल्या इंजिनाखाली हात घालायचा नाही, आणि गाडी नुसत्या जॅकवर असेल तर तिच्याखाली शिरायचंच नाही. घोड्या लावा, मागच्या चाकांना अडकण लावा.

सगळं सोडायला लागणारा वेळ बघता काहींना इंजिन सरळ बाहेर काढणंच सोपं वाटतं. क्लच, मागचं मेन सील आणि माउंट हेही करायचं असेल तर मी त्यांच्याच बाजूने आहे.

८. चेंबरखाली लाकूड ठेवून जॅकने इंजिन उचललं तर?

चेंबर काढायचंच आहे, त्यामुळे या कामात तो मार्ग तसाही निरुपयोगी. एरवीही टाळा. पातळ पत्र्याचा तळ लाकडासकट आत जातो आणि स्ट्रेनरला टेकतो. पुढच्या हार्मोनिक बॅलन्सरखाली (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या, कंपन शोषणाऱ्या चाकाखाली) जॅक लावणं तर त्याहून वाईट, कारण त्याच्या आतला रबराचा थर सरकतो.

९. सगळे बोल्ट काढले तरी चेंबर खाली येत नाही. काय अडतंय?

आधी बोल्ट पुन्हा मोजा. पुढच्या कोपऱ्यातला एखादा तेलकट मळीखाली लपलेला असतो. नुसतं पॅकिंग धरून राहिलं असेल तर रबरी हातोड्याने बाजूने ठोका. पेचकस घालून उचकटू नका, कड वाकते.

चेंबर सुटलं पण मागे-पुढे सरकत नसेल तर ते क्रँकच्या वजनाला अडतंय. बॅलन्सरच्या बोल्टला पाना लावून क्रँक हाताने फिरवा आणि पुढचं काउंटरवेट वरच्या बाजूला आणा, म्हणजे खाली जागा होते.

फोर्ड ३०२ च्या ट्रकमध्ये बरेचदा एवढ्यानेही भागत नाही. तिथे अर्ध्या सुटलेल्या चेंबरच्या फटीतून हात घालून ऑइल पंप आणि स्ट्रेनर सोडतात, ते चेंबरमध्येच पडू देतात आणि सगळं मिळून बाहेर ओढतात. बसवताना उलटं: पंप चेंबरमध्ये ठेवून चेंबर लोंबतं धरायचं आणि आधी पंप आवळायचा. यात पंप फिरवणारी षटकोनी दांडी खाली निसटते. तिच्यावरची पकड-चकती जागच्या जागी आहे का ते बघून घ्या, कारण तीच दांडीला डिस्ट्रिब्युटरबरोबर वर ओढली जाण्यापासून अडवते.

१०. स्ट्रेनर आणि चेंबरचा तळ यांत किती अंतर हवं? आणि बंद चेंबरमध्ये ते मोजायचं कसं?

सहा ते दहा मिलिमीटर, म्हणजे पाव ते तीन अष्टमांश इंच. या अख्ख्या कामात एकच माप घ्यायला वेळ असेल तर हे घ्या.

अंतर कमी पडलं तर पेल्याच्या तळाला टेकवलेल्या स्ट्रॉसारखी गत होते: तेल भरपूर, पण ओढता येत नाही. हळू चालवताना प्रेशर ठीक दिसतं आणि आरपीएम वाढले की काटा खाली येतो. अंतर फार जास्त असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर किंवा चढावर तेल सरकतं आणि स्ट्रेनर हवा ओढतो.

मोजण्यासाठी मुलांची खेळायची माती, प्लॅस्टिसिन, उत्तम. स्ट्रेनरच्या तळावर तीन ठिकाणी जाड गोळे चिकटवा, वर तेलाचं बोट फिरवा म्हणजे ते चेंबरला चिकटणार नाहीत. जे पॅकिंग शेवटी लावणार तेच कोरडं ठेवून चेंबर चढवा, चार कोपऱ्यांचे आणि मधले एक-दोन बोल्ट आवळा, मग उतरवा. दबलेला गोळा ब्लेडने मधोमध कापून जाडी मोजा. तिन्ही गोळ्यांची जाडी वेगवेगळी आली तर स्ट्रेनर तिरका बसलाय. पॅकिंगशिवाय घेतलेलं माप धरू नका, कारण पॅकिंग तळाला खाली नेतं आणि कॉर्कचं व रबराचं पॅकिंग सारख्या जाडीचं नसतं.

माप बरोबर आलं की स्ट्रेनर हलू देऊ नका. स्मॉल ब्लॉकमध्ये तो पंपात नुसता ठोकून बसवलेला असतो आणि कंपनाने ढिला होऊ शकतो. म्हणून पंपाच्या अंगाला एक-दोन ठिकाणी ब्रेझिंगचा टाका देतात. त्याआधी पंपातली प्रेशरची स्प्रिंग आणि तिचा छोटा पिस्टन काढून ठेवा, नाहीतर उष्णतेने स्प्रिंगची ताकद जाते आणि प्रेशर कायमचं कमी होतं. वेल्डिंगची सोय नसेल तर बोल्टने धरणारा पट्टा असलेला स्ट्रेनर घ्या.

११. चेंबर खाली आलंय, तर ऑइल पंपही बदलू का?

प्रेशर चांगलं होतं आणि चेंबरमध्ये धातूचा चुरा नाही, तर पंपाला हात लावू नका. चुरा सापडला असेल तर तो पंपातूनही गेलेला असतो, तेव्हा बदला (प्रश्न १९ पाहा). नवा पंप लावलात तर प्रश्न १० चं माप पुन्हा घ्या, जुन्या पंपावरचं चालत नाही. पंपाचा बोल्ट मेन बेअरिंगच्या टोपीत जातो आणि सुमारे ८८ न्यूटन-मीटर आवळतात. पंप आणि डिस्ट्रिब्युटरमधल्या दांडीला मूळची प्लॅस्टिकची बाही असेल तर स्टीलची बाही असलेली दांडी घ्या.

घरच्या ट्रकला जास्त प्रेशरचा किंवा जास्त क्षमतेचा पंप नको. चांगल्या बेअरिंगच्या इंजिनाला तो काही देत नाही, उलट डिस्ट्रिब्युटरच्या गिअरवर ताण वाढवतो.

१२. पॅकिंग कॉर्कचं घेऊ की रबराचं? सिलिकॉन सगळीकडे लावू का?

एक-तुकडी रबराचं मिळत असेल तर तेच घ्या, जुन्या ब्लॉकसाठीही आता मिळतं. आत बोल्टच्या भोकांना धातूच्या बाह्या असतात, त्यामुळे ते चुरगाळत नाही. चार तुकड्यांचं कॉर्क-रबर पॅकिंग वाईट नाही, पण उलटं झोपून वर चिकटवताना सरकतं आणि जास्त आवळलं की बाहेर फुगून येतं.

सिलिकॉन फक्त चार कोपऱ्यांत, जिथे बाजूचं सपाट पॅकिंग आणि पुढची-मागची कमान भेटतात. वाटाण्याएवढा थेंब पुरे. सगळ्या कडेला जाड थर लावला की पॅकिंग त्यावर घसरतं, आणि आत निघालेली वेटोळी तुटून स्ट्रेनरच्या जाळीत जाऊन बसतात.

सिलिकॉन न धरण्याचं खरं कारण मात्र वेगळंच असतं: ब्लॉकची कड तेलकट असणं. चेंबर काढल्यावर तासन् तास वरून तेल ठिबकत राहतं. रात्रभर ठिबकू द्या, सकाळी ब्रेक क्लीनरने पुसा, पांढऱ्या कपड्यावर डाग येईनासा झाला की लगेच चेंबर चढवा. ट्यूबवर लिहिलेला वाळण्याचा वेळ पूर्ण झाल्याशिवाय तेल भरू नका.

१३. बोल्ट किती आवळायचे?

बाजूचे पाव इंची बोल्ट सुमारे ९ न्यूटन-मीटर, कोपऱ्यांचे पाच-सोळांश इंची सुमारे १८. म्हणजे छोट्या पान्याने, मनगटाच्या जोराने. सगळे बोल्ट आधी हाताने चार-पाच आटे लावून घ्या, मग मधून बाहेर, आलटून पालटून, दोन-तीन फेऱ्यांत.

नव्या पॅकिंगनंतरही गळती राहिली तर बहुधा जुनी कड दोषी असते. आधीच्या कुणीतरी बोल्ट गच्च पिळलेले असतात आणि प्रत्येक भोकाभोवतीचा पत्रा ब्लॉकच्या दिशेने उचलला गेलेला असतो. कडेवर स्टीलची पट्टी उभी धरा, भोकांपाशी ती टेकेल आणि मधे उजेड दिसेल. कड सपाट लोखंडावर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने प्रत्येक भोक हलकं ठोकत सपाट करा.

झोपून काम करताना एक सोय करून घ्या: चार लांब बोल्टांची डोकी कापून ते कोपऱ्यांत हाताने लावा. चेंबर आणि पॅकिंग त्यांवर टांगलं की दोन्ही हात मोकळे होतात.

१४. ड्रेन प्लगचे आटे गेलेत. चेंबर टाकून द्यायचं?

नाही. चेंबर बाहेर असेल तर आतून नवा नट वेल्ड करून घ्या, हा पक्का उपाय. स्वतःच आटे पाडत जाणारा मोठा प्लग तात्पुरता म्हणून ठीक, पण त्याचा चुरा चेंबरमध्येच पडतो, तो धुऊन काढा. नव्या प्लगला २७ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे, वायसर दर वेळी नवा.

१५. क्रोमचं चेंबर छान दिसतं. घ्यावं का?

प्रदर्शनाच्या गाडीला घ्या. स्वस्त क्रोम चेंबरांचा पत्रा पातळ असतो आणि गुळगुळीत मुलाम्यावर सिलिकॉन नीट धरत नाही. रोजच्या ट्रकला काळा रंग दिलेलं साधं चेंबर बरं.

१६. जास्त तेल मावणारं खोल चेंबर बसवलं. डिपस्टिकवरची खूण आता चुकीची झाली का?

मूळ स्मॉल ब्लॉकला फिल्टर धरून साधारण पाच क्वार्ट, म्हणजे ४.७ लिटर तेल लागतं. तेलाची वरची पातळी क्रँकच्या खाली राहिली पाहिजे, आणि क्रँक जिथे होता तिथेच आहे. त्यामुळे तळ खोल गेला तरी वरची खूण सहसा फार हलत नाही, तिच्याखाली तेल जास्त मावतं एवढंच.

तरी खात्री करा. चेंबर बनवणाऱ्याने सांगितलेलं तेल मोजून भरा, इंजिन थोडं चालवून बंद करा, दहा मिनिटं थांबा, आणि काडीवर तेल जिथे दिसेल तिथे कानशीने नवी खूण करा. दुसऱ्या गाडीची काडी वापरत असाल तर हे करावंच लागतं. खुणेच्या वर भरलेलं तेल क्रँक घुसळतो, फेस होतो आणि प्रेशरचा काटा नाचायला लागतो.

१७. चेंबर बसलं. लगेच स्टार्ट करू?

पंपाला हात लावला नसेल तर कॉइलची वायर काढून स्टार्टरने थोडं थोडं फिरवा, काटा हलला की वायर जोडा आणि स्टार्ट करा.

पंप काढला असेल तर डिस्ट्रिब्युटर काढून, पंपाची दांडी ड्रिलने फिरवून प्रेशर उभं करा. रोटर आणि डिस्ट्रिब्युटरची जागा आधी खूण करून ठेवा. शेवरलेचा पंप घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, फोर्ड ३०२ चा उलट. शेवरलेसाठी नुसती जुनी दांडी पुरत नाही, कारण तिथे डिस्ट्रिब्युटरचं अंगच तेलाची एक वाट बंद करतं. त्यासाठी तसाच जाड गळा असलेलं हत्यार मिळतं. नवा पंप लावताना आत थोडं तेल घातलं असेल तर तो पटकन ओढतो.

१८. आधी प्रेशर ठीक होतं, चेंबर बदलल्यावर कमी झालं.

तर ते बेअरिंगमुळे नाही, कामामुळे आहे. चालवू नका. जुना हिशोब दर हजार आरपीएमला १० पीएसआय असा आहे, गरम इंजिनावर त्याच्या जवळपास हवं. पातळी बघा, मग साध्या यांत्रिक गेजने पडताळा. गेजही कमीच दाखवत असेल तर चेंबर उतरवा आणि प्रश्न १० मधली तीन कारणं तपासा: अंतर, सैल स्ट्रेनर, तापलेली स्प्रिंग. एलएस इंजिन असेल तर थेट प्रश्न २० मधल्या ओ-रिंगकडे जा.

१९. जुन्या चेंबरच्या तळाशी काय काय सापडलं. घाबरू का?

तळाचा गाळ फेकायच्या आधी कपड्यावर पसरून बघा. इंजिनाबद्दल इतकं खरं सांगणारं दुसरं काही नाही.

पिवळट किंवा तपकिरी प्लॅस्टिकचे कडक तुकडे म्हणजे कॅमच्या टायमिंग गिअरचे नायलॉनचे दात. त्या काळच्या कितीतरी व्ही-८ इंजिनांत कंपनीनेच असा गिअर घातलेला होता. दात झडले म्हणजे साखळी सैल झालीय, आणि तुकडे स्ट्रेनरच्या जाळीतही असणार. गिअर-साखळी बदलल्याशिवाय नवं चेंबर चढवू नका. काळे, काचेसारखे तुटणारे रबराचे तुकडे व्हॉल्व्ह सीलचे असतात: धूर वाढेल, पण आज इंजिन बसणार नाही. करड्या रंगाची बारीक पेस्ट थोडी असली तर नेहमीची झीज. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर संपून खालचा उघडा पडलाय. एक मेन आणि एक कनेक्टिंग रॉडची टोपी उघडून बघा. चुंबकाला चिकटणारे मोठे कण कॅम किंवा लिफ्टरकडे बोट दाखवतात.

२०. सी-१० मध्ये ५.३ लिटरचं एलएस इंजिन टाकतोय. त्याचं ट्रकचं चेंबर चालेल का?

ते इंजिन ट्रकमधूनच आलेलं असलं तरी १९९९ नंतरच्या ट्रकचं चेंबर खोल आहे आणि जुन्या सी-१० च्या क्रॉस मेंबरच्या खाली लोंबतं. ट्रक खाली बसवला असेल तर पहिल्याच गतिरोधकाला लागेल. बहुतेक लोक १९९८ ते २००२ च्या कॅमॅरोचं चेंबर किंवा जुन्या गाड्यांसाठी होलीसारख्या कंपन्या बनवतात ते चेंबर घेतात. ज्याचं चेंबर घ्याल त्याचाच स्ट्रेनर, क्रँकखालची पत्र्याची ट्रे आणि डिपस्टिक घ्या, जुळवाजुळव करत बसू नका.

वरची बरीच उत्तरं इथे लागू नाहीत. एलएसचं चेंबर पत्र्याचं नसून ओतीव अ‍ॅल्युमिनियमचं आहे. फिल्टर त्यालाच बसतो, दाबाखालचं तेल त्यातून जातं, आणि मागून ते बेल हाउसिंगला बोल्टने जोडलं जातं. त्यामुळे ते ब्लॉकच्या मागच्या पृष्ठभागाशी सरळ रेषेत बसवावं लागतं. बोल्ट सैल असताना मागे पोलादी पट्टी टेकवा. चेंबर पाव मिलिमीटरपर्यंत आत चालतं, बाहेर आलेलं अजिबात नाही. तसंच आवळलं तर बेल हाउसिंग जोडताना चेंबरचा कान तुटतो. ब्लॉकमधले बोल्ट २५ न्यूटन-मीटर, मागच्या कव्हरमधले लांब बोल्ट १२, बेल हाउसिंगचे ५०. सिलिकॉन पुढचं आणि मागचं कव्हर ब्लॉकला भेटतात त्या चार सांध्यांवर.

आणि ती ओ-रिंग. स्ट्रेनरची नळी पंपात एका ओ-रिंगवर बसते. चुकीच्या मापाची, चिरलेली किंवा घालताना चिमटलेली ओ-रिंग हवा ओढते. पंप क्रँकवरच असल्याने प्रश्न १७ मधली ड्रिलची युक्तीही इथे नाही. रिंगला तेल लावा, नळी सरळ आत ढकला, आणि बोल्टने ओढून बसवायचा मोह टाळा.

२१. ३५० चा ३८३ केला. जुनं चेंबर पुन्हा लावू?

लावून बघा, पण क्रँक फिरवल्याशिवाय विश्वास ठेवू नका. ३८३ मध्ये ४०० इंजिनाचा ३.७५ इंच स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) येतो, ३५० चा ३.४८ होता. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आता बाहेरच्या बाजूला जास्त फिरतात आणि चेंबरच्या आतल्या कडेला किंवा आडव्या पत्र्यांना लागू शकतात. पॅकिंगसकट चेंबर बोल्टने धरा, स्पार्क प्लग काढा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठेही खरखर झाली किंवा अडलं तर उतरवून घासलेली जागा शोधा. फक्त आतला पत्रा लागत असेल तर तेवढा कापून कड घासून घ्या. चेंबरची भिंतच लागत असेल तर लांब स्ट्रोकसाठी बनवलेलं चेंबर आणा, आणि त्याचं स्ट्रेनरचं अंतर पुन्हा पहिल्यापासून मोजा.